एकशे नव्वद ग्रॅमची तूट

"बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप आहेत," असं नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा बाकीच्यांनी हात जोडले आणि लालासाहेब फडतऱ्यांनी खिशातलं पेन काढलं.

"वजन?"

"दोन किलो नऊशे."

"काट्यावर, का अंदाजे?"

नर्सनं त्यांच्याकडं एकदा नीट पाहून घेतलं आणि ती आत गेली. शालूबाईंनी, म्हणजे लालासाहेबांच्या पत्नीनं, नवऱ्याच्या वतीनं रिकाम्या दाराची माफी मागितली. तशी सवयच होती त्यांना.

लालासाहेबांनी तेहतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली होती. त्यांची जीप बाजारपेठेत शिरली, की एका टोकाला काटे पुसले जात आणि दुसऱ्या टोकाला दुकानं बंद होत. अंदाज या शब्दाचा त्यांना मनापासून तिटकारा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शालूबाईंनी गरम भाकरी ताटात वाढली, तेव्हा ती हातावर तोलून हे म्हणाले होते, "कालच्यापेक्षा पंचवीसेक ग्रॅम कमी भरेल." त्यानंतर आठ दिवस त्यांना भात मिळाला. पण माणूस सुधारला नाही. निवृत्तीनंतर कोरेगावात घर बांधलं, तेव्हा तर सिमेंटच्या गोण्या उतरवताना मोजल्या जात आणि रिकाम्या झाल्यावर पुन्हा.

पाचव्या दिवशी साताऱ्याच्या दवाखान्यातून घरी सोडताना बाळाला परत काट्यावर ठेवलं. दोन किलो सातशे दहा.

लालासाहेबांनी उभ्या उभ्या वजाबाकी केली. एकशे नव्वद ग्रॅमची तूट.

"पहिल्या काही दिवसांत सगळ्याच बाळांचं थोडं उतरतं, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पंधरवड्यात भरून येईल. मागेल तेव्हा अंगावर पाजायचं, दुसरं काही द्यायचं नाही. आणि आईला निवांत ठेवा."

लालासाहेबांनी मान डोलावली. पण ज्वारी वाळते साहेब, गूळ आटतो साहेब, म्हणून भरत नाही साहेब, असं सांगणाऱ्या व्यापाऱ्यांपुढंही त्यांनी आयुष्यभर अशीच मान डोलावली होती आणि नंतर पावतीपुस्तक काढलं होतं. तूट ती तूट. तिला कारण असतं, आणि कारण असलं की ते सापडतं.

त्यांची मुलगी संयोगिता हे सगळं ऐकत होती. सांगलीतल्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका. कॉलेजात असताना कबड्डीत समोरच्या सातजणींच्या अंगावर एकटी चाल करून जायची, आणि परत येताना दोघी-तिघींना फरपटत आणायची. अशी ही पोरगी दीड फुटाच्या माणसासमोर पाच दिवसांत पार हबकून गेली होती. बाळ रडलं की तिच्याही डोळ्यांत पाणी. आणि आता वर एकशे नव्वद ग्रॅम.

घरी आल्यावर पहिली पायरी चढल्या शेजारच्या राहीबाई. हातात शेपूची जुडी, पाठोपाठ त्यांची सून, सुनेच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. राहीबाई मनानं फार चांगल्या. कॉलनीतल्या प्रत्येक बाळंतिणीला पहिली शेपू त्यांचीच. त्यांनी बाळाचं टोपडं सारखं केलं, कानशिलावर बोटं मोडली आणि विचारलं,

"दूध पुरतंय का गं?"

प्रश्न साधाच. पावसाचं विचारतात तसा. पण संयोगितानं आईकडं पाहिलं, आईनं बाळाकडं पाहिलं आणि बाळानं नेमकं त्याच वेळेला भोकाड पसरलं.

"न्हाई पुरत," राहीबाईंनी निकाल दिला. "शेपू खा. लसूण खा. खसखशीची खीर सकाळ-संध्याकाळ. आणि पाणी जास्ती पिऊ नगं, दूध पातळ हुतं."

थोड्या वेळानं मागच्या गल्लीतल्या एक मावशी आल्या. त्यांनी पाणी भरपूर प्यायला सांगितलं, म्हणजे दूध वाढतं. शेपू मात्र नको, वातूळ असते. तिसऱ्या आल्या त्या अळीव घेऊन. चौथ्या आल्या त्यांनी सगळंच बंद करून शतावरी सुरू करायला सांगितली. दोन दिवसांत स्वयंपाकघराची ओळख पटेना. पण औषधं निरनिराळी असली, तरी प्रश्न सगळ्यांचा एकच. पुरतंय का? दूधवाला विचारून गेला, गॅसची टाकी आणणारा विचारून गेला. शंभूराज, म्हणजे जावई, लष्करात. त्याला राजस्थानातून रजा मिळायला अजून महिना होता. त्यानंही फोनवर तेच विचारलं आणि त्याला कळेना, बायकोनं फोन का ठेवला.

आणि या प्रश्नाचं उत्तर कुणालाच येत नाही, हे लालासाहेबांना सहन होईना. पुरतंय का म्हणजे? किती जातं, ते मोजा. म्हणजे पुरतंय का, ते कळेल. लिटरचं माप तर तिथं लावता येत नाही. पण बाळ पिण्याआधी तोलावं, प्यायल्यावर तोलावं, फरक काढावा. इतकी सोपी गोष्ट वैद्यकीय शास्त्राला सुचू नये, याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

फक्त काटा हवा होता.

आता, कोरेगावात लालासाहेबांना काटा कोण देणार? ज्यांच्याकडं होते त्यांचे काटे यांनी कधी ना कधी जप्त केले होते. शेवटी मन घट्ट करून ते दादासोंच्या किराणा दुकानात गेले. दादासोंच्या काट्यावरच्या सरकारी शिक्क्याची मुदत उलटून आठ दिवस झाले होते म्हणून लालासाहेबांनी तो ऐन दिवाळीत उचलून नेला होता. दादासोंनी साहेबांना बघितलं आणि सवयीनं काट्यावरचा साखरेचा पुडा खाली घेतला.

"आवं साहेब, रिटायर झालासा ना तुमी?"

"झालो. जरा काम होतं. एक इलेक्ट्रॉनिक काटा पाहिजे होता. आठवडाभर."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघांनीही खरेदी थांबवली.

"कशाला?" दादासोंनी विचारलं.

"नातवाला तोलायला."

सूड घ्यायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. पण ते मागं गेले, नवा काटा बाहेर आणला, स्वतःच्या उपरण्यानं पुसला आणि म्हणाले, "न्या. पाच-पाच गरामचा फरक दाखवतोय. पोराला आमचा आशीर्वाद सांगा." लालासाहेबांना दंड आकारताना कधी वाटली नव्हती इतकी लाज वाटली.

पण घरी आणून पाहतात तर काट्यावरच्या मुद्रांकनाची, म्हणजे शिक्क्याची, मुदत परवाच संपलेली! आता आली का पंचाईत? मुदत संपलेला काटा वापरायचा आणि तोही लालासाहेबांनी? ते काटा पोत्यात घालून एसटीनं साताऱ्याला आपल्या जुन्या कार्यालयात गेले. तिथं तानाजी होता. त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, आता निरीक्षक. त्यानं उठून खुर्ची दिली, चहा सांगितला, अर्ज काढला.

"साहेब, व्यवसायाचा प्रकार काय लिहू?"

"व्यवसाय नाही. नातू आहे."

"म्हणजे काट्यावर विक्री कशाची होणार?"

"विक्री कसली? नातू आहे म्हटलं ना."

तानाजीनं पेन खाली ठेवलं. "मग साहेब, व्यापारासाठी वापर नसंल तर मुद्रांकन करता येत नाही. आणि काटा दादासोंच्या नावावर आहे. त्यांनी यायला पाहिजे."

"अरे, मी सांगतोय ना!"

"साहेब, तुम्हीच शिकवलंय. समोर सख्खा बाप असला तरी अर्जाशिवाय काटा घ्यायचा नाही."

लालासाहेबांनी काटा परत पोत्यात घातला. तानाजीनं त्यांना एसटीपर्यंत सोडलं. जाताना हळूच म्हणाला, "आमच्या हिलापण पहिल्या वेळी लय धास्ती वाटायची, साहेब. ताईला म्हणावं, निवांत." पण लालासाहेबांचं लक्ष पोत्याकडं होतं.

व्यापार नाही, म्हणजे शिक्काही नको, अशी स्वतःची समजूत घालून आठव्या दिवसापासून त्यांनी मोजणी सुरू केली. जेवणाच्या टेबलावर काटा. काटा समतल आहे की नाही, ते बघायला गवंड्याकडून पाणसळ आणली. वाऱ्यानं आकडा हलतो म्हणून पंखा बंद. काट्यावर दुपटं. दुपट्याचं वजन वजा. बाळ पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा. संयोगितानं बाळ पाजायला घेतलं की बाहेरून हाक यायची, "थांब थांब, आधी काट्यावर!" भुकेलं पोर टेबलावर किंचाळायचं, आकडा स्थिर व्हायचा नाही, मग आकडा स्थिर होईपर्यंत पोर आणखी किंचाळायचं.

पहिली मोजणी. पिण्याआधी दोन किलो सातशे पंचेचाळीस. प्यायल्यावर दोन किलो सातशे चाळीस.

"पाच ग्रॅम कमी!" लालासाहेब खुर्चीत बसले. "दूध पिऊन वजन घटलं!"

आकडा बघायला थांबलेल्या राहीबाईंनी तोंडाला पदर लावला. "आईचं दूध उलटं लागतंय जणू."

"आवं, मधी लंगोट बदलला मी," शालूबाई म्हणाल्या. "भिजलेला हुता."

पुढच्या मोजणीपासून ओले लंगोटही तोलायचं ठरलं. त्या दिवशी लालासाहेबांनी बाळाला दहा वेळा तोललं. एकदा पंचावन्न ग्रॅम वाढलं, तेव्हा त्यांनी टाळी वाजवली आणि बाळ दचकून सगळं ओकलं. एकदा आकडा एकदम तीन किलो चारशे आला, कारण काळजीपोटी राहीबाई काट्यावर हात टेकून उभ्या होत्या. दुपारी कॉलनीतल्या बायका भाजी निवडायला इथंच येऊन बसू लागल्या. "आता किती?" असं कुंपणापलीकडून विचारलं जायचं, आणि अलीकडून आकडा सांगितला जायचा.

पण आतल्या खोलीत काय चाललं होतं, ते कुणी मोजत नव्हतं. बाळाला जवळ घेतलं की संयोगिताच्या खांद्यांना आधीच ओझं यायचं. ती बाळावर वाकून बसायची, मान अवघडायची, स्तनांची टोकं दुखायची. बाहेर माणसं थांबलेली असायची. आता पाजून झालं की काटा काय म्हणेल? तिला आठवायचं, पान्हा फुटतो म्हणतात. तिचा फुटता फुटता दाराबाहेर कुणी खोकलं, की आतल्या आत आटायचा. एकदा तर बाळ अगदी तिच्या अंगावर गुंगून झोपलं होतं. सात-आठ दिवसांत पहिल्यांदाच तिला बरं वाटत होतं. तेवढ्यात दारावर टकटक झाली. "झालं का? आण बघू." त्या वेळी ती आईला म्हणाली, "आई, मी बाळाला दूध पाजत नाहीये. परीक्षा देतेय."

शालूबाईंनी ते बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "परीक्षा कसली? मी तिला मदतच करतोय की!" आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. मोजमापाशिवाय दुसऱ्या कशानं माणसाला मदत करता येते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

बाराव्या दिवशी दुपारी ते मेडिकलच्या दुकानातून बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन आले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. तरी आणला. मनोमन ते खूशच होते. डब्यात प्लास्टिकचा चमचा, बाटलीवर दहा-दहा मिलीच्या रेघा. सगळं कसं स्वच्छ, मोजता येण्यासारखं. त्यांनी डबा काट्याशेजारी मांडला.

संयोगिता पाणी प्यायला बाहेर आली. तिनं डबा बघितला. हातात घेतला, फिरवून पाहिला आणि परत जागेवर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "म्हणजे तुमचाही विश्वास नाही ना?"

"अगं, तसं नाही. अडीअडचणीला असावा म्हणून..."

"नाही, बरोबर आहे तुमचं. मला जमत नाही. द्या त्याला हे." आणि ती आत गेली. रडली असती तरी चाललं असतं. पण ती एखादा अर्ज नामंजूर होऊन परत यावा, तशी शांतपणे आत गेली.

लालासाहेब बाहेर पडवीत जाऊन बसले. शालूबाईंनी चहा आणून ठेवला. आणि लालासाहेबांना रहिमतपूरच्या बाजारातली एक बाई आठवली. वीस वर्षं झाली असतील. गवारी विकायची. ते समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पाव किलो तोला." बाईचा तराजू चांगला, मापं चांगली, पण हात असा थरथरायला लागला, की पारडं काही केल्या थांबेना. गवारी टाकते, काढते, परत टाकते. डोळ्यांत पाणी. शेवटी त्यांचा शिपाई हळूच म्हणाला होता, "साहेब, जरा बाजूला व्हा. तुमी गेल्यावर बरोबर तोलंल ती." ते बाजूला झाले होते का? त्यांना आठवेना. झाले नसावेत, असं वाटून त्यांना चहा गोड लागेना.

संध्याकाळी त्यांनी दादासोंना फोन केला. "उद्या सकाळी काटा घेऊन जा."

आता इथंच गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण स्वभाव! सकाळी दादासो यायच्या आधी लालासाहेबांच्या मनात आलं, एकदाच, शेवटचं तोलू. चांगला आकडा आला तर पोरीला तेवढाच धीर येईल. वाईट आला तर सांगायचंच नाही. त्यांनी बाळाला झोपेतच उचललं, दोन्ही उशांच्या मधे काट्यावर ठेवलं आणि चष्मा लावला.

दोन किलो सहाशे नव्वद.

वाईट आकडा सांगायचा नाही हे ठरलं होतं, पण तोंडातून "अरे बापरे!" निघून गेलं. ते ऐकून शालूबाई धावल्या, शालूबाईंना बघून राहीबाई धावल्या, काटा न्यायला आलेले दादासो चपला काढता काढता दारातच थांबले, आणि सगळ्यांच्या मागं, खोलीच्या चौकटीला धरून, संयोगिता उभी राहिली. घरी आणलं तेव्हापेक्षाही कमी.

"घरात हायसा का?" बाहेरून हाक आली. "उपकेंद्रातनं आलीय मी, राणी. बाळंतिणीला भेटायला."

राणी सिस्टर आत आल्या. तिशीच्या, उंच, उन्हानं रापलेल्या. मूळच्या कवठे महांकाळकडच्या. खांद्याला पिशवी. त्यांनी काटा बघितला, पाणसळ बघितली, डबा बघितला, बाळाभोवती उभी असलेली माणसं बघितली.

"काय ओ हे? बाजार भरवलाय का?"

लालासाहेबांनी सगळं सांगितलं. आकडे, फरक, तूट. राणीबाईंनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शालूबाईंना विचारलं, "आजी, दिवसातनं लंगोट किती ओले हुतात?"

"आठ. कवा कवा नऊ."

"शी कसली?"

"पिवळी. चार-पाच डाव."

"प्यायला उठतंय का आपणहून?"

"उठतंय म्हंजे? घर डोक्यावर घेतंय."

"मग जे आत गेलंच न्हाई ते भाईर कुठनं येतंय?" राणीबाई म्हणाल्या. मग त्या टेबलाशी वाकल्या. बाळाची इवलीशी टाच डाव्या उशीवर रोवलेली होती. उजवा खांदा दुसऱ्या उशीला रेलला होता. त्यांनी बाळाला न टेकवता एक हात जवळ धरून दोन्ही उशा अलगद बाजूला केल्या.

आकडा हलला. थांबला. दोन किलो आठशे सत्तर.

"सर," राणीबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "अर्धं पोरगं तुमी उशीवर तोलताय."

पारड्याला बाहेरचा आधार लागू देऊ नये, हा नियम लालासाहेबांनी शेकडो दुकानदारांना सुनावला होता. पारड्याला कागद टेकला म्हणून लोकांना दंड केला होता. आणि आज सहा दिवस, दिवसातून दहा वेळा, स्वतःच्या नातवाला त्यांनी कमी मापानं तोललं होतं. त्यांनी चष्मा काढला. तो पुसायला रुमाल सापडेना. दादासोंनी आपलं उपरणं पुढं केलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, तो क्षण दादासोंच्या हातात आयता आला होता, पण ते एवढंच म्हणाले, "हुतं साहेब. घाईगर्दीत हुतं."

"आता सगळी भाईर चला," राणीबाई म्हणाल्या. "आजी तेवढ्या ऱ्हाऊ देत. सर, तुमीबी भाईर."

दार लोटलं गेलं. लालासाहेब दाराबाहेर उभे राहिले. ऐकायचं नाही म्हणून ते भिंतीकडं तोंड करून होते; पण ऐकू येतच होतं.

"ताई, तू त्याच्याकडं वाकू नगं. पाठ टेकव. आता त्याला तुझ्याकडं आण. पोट पोटाला. हां. नुसतं टोक धरतोय बघ, म्हणून दुखतंय तुला. सोडव. तोंड मोठं उघडू दे... अजून... आता घे जवळ. हनुवटी रुतली पायजे. दुखतंय?"

"नाही." मग थोड्या वेळानं, जरा नवल वाटल्यासारखं, "नाहीच दुखत."

"आमच्याकडं मेंढरं हायती. पहिलटकरीण मेंढी व्याली, की माझी आजी तिच्याभवती कुणाला फिरकू देत न्हाई. कुत्र्यालाबी हाकलते. म्हणते, दहा डोळं लागलं की ती पिल्लू सोडून डोळ्यांकडंच बघत बसती. तुझ्याभवती तर काटाबी हुता... श्श. ऐक. घुटका आला. अजून एक. ऐकलास?"

मग संयोगिताचं रडणं ऐकू आलं, पण ते नेहमीचं नव्हतं. शालूबाईंचंही होतं त्यात.

"अन् तो डबा?" शालूबाईंनी विचारलं.

"ज्याला लागतो त्याला डॉक्टर सांगत्यात. हितं लागत न्हाई."

तेवढ्यात राहीबाईंना आठवलं, की खीर गॅसवरून उतरवून आणलीय, ती गरम आहे तोवर द्यावी. वाटी घेऊन त्या दाराकडं निघाल्या. लालासाहेब आडवे आले. जीपमधून उतरताना जो चेहरा ते करत, तो चेहरा केला.

"राहीबाई, आत जायचं नाही."

"आवं भाऊजी, खीर हाय नुसती!"

"खीर इथं ठेवा. विचारायचं पण नाही काही. पुरतंय का, हा शब्द या घरात आजपासून बंद."

राहीबाईंना राग यायला पाहिजे होता. त्या वाटी हातात धरून पायरीवर बसल्या. बराच वेळ वाटीत बघत होत्या.

"भाऊजी, आमचा थोरला झाला तवा मलाबी समद्यांनी ह्येच इचारलं," त्या म्हणाल्या. "सासू, नणंदा, गल्ली. पुरतंय का, पुरतंय का. महिन्यात मी म्हटलं, न्हाई पुरत. मग म्हशीचं सुरू केलं. माझं आटूनच गेलं. लय रडले हुते मी तवा." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मला आपलं वाटायचं, इचारायचंच असतंय."

लालासाहेबांनी वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः पायरीवर त्यांच्या शेजारी बसून ती खीर खाल्ली. दुसरं काही सांत्वन त्यांना येत नव्हतं. राहीबाईंना मात्र बरं वाटलं असावं. "साखर कमी पडलीय का?" त्यांनी विचारलं. "नाही, पुरेशी आहे," लालासाहेब म्हणाले.

त्या दिवसापासून दारावर पहारा सुरू झाला. खुर्ची टाकून लालासाहेब बसायचे. बाळ प्यायला लागलं की गल्लीतला दूधवालाही घंटी न वाजवता जायचा. शालूबाई आत पाठीला उशी लावून द्यायच्या, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवायच्या आणि बाहेर यायच्या. शेपू खावीशी वाटली तर खाल्ली, नाही तर नाही. शंभूराजचा फोन आला तेव्हा त्यानं आधी सासऱ्यांना विचारलं, "बाबा, तिला नेमकं काय विचारू?" लालासाहेबांनी खूप विचार करून सांगितलं, "जेवलीस का, विचारा. आणि मग तिलाच बोलू द्या."

पंधराव्या दिवशी बाळाला उपकेंद्रात न्यायचं होतं. संयोगितानं साडी नेसली, केस नीट विंचरले. रिक्षातून उतरल्यावर लालासाहेब म्हणाले, "मी बाहेरच थांबतो." शालूबाईंनी थक्क होऊन नवऱ्याकडं पाहिलं. ते व्हरांड्यात लसीकरणाचा तक्ता वाचत उभे राहिले. तोच तक्ता त्यांनी खालून वरही वाचला. आतून काटा ठेवल्याचा आवाज आला. उशा आहेत का, बघावं असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी तक्त्यातलं गोवर हे नाव परत वाचलं.

संयोगिता बाहेर आली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. लालासाहेबांनी काहीच विचारलं नाही. तीच म्हणाली,

"दोन किलो नऊशे पस्तीस."

लालासाहेब गडबडीनं म्हणाले, "तुझी मान कशी आहे? दुखतेय का अजून?"

संयोगिता हसली. बऱ्याच दिवसांनी ती अशी हसली.

व्हरांड्यातल्या बाकावर एक वीस-बावीस वर्षांची पोरगी बसली होती. पदराखाली आठेक दिवसांचं बाळ, ते रडत होतं. सोबत सासू, मावससासू आणि नणंद. तिघी तिच्यावर वाकलेल्या. "अगं, धर नीट." "दूध हाय का न्हाई ह्येला?" "पुरतंय का तुझं?" पोरीचा चेहरा रडवेला झाला होता आणि ती बाळावर पार दुमडून गेली होती.

संयोगितानं आपलं बाळ आईच्या हातात दिलं, सरळ जाऊन त्या पोरीशेजारी बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पाठ टेकव गं. तू त्याच्याकडं जाऊ नकोस, त्याला तुझ्याकडं आण." मग मान वर करून वडिलांना म्हणाली, "बाबा, या मावशींना जरा चहा पाजता का?"

लालासाहेब पुढं झाले. असा माणूस समोर उभा राहून "चला" म्हणाला, की नाही म्हणणं अवघड. तिघींना घेऊन ते समोरच्या टपरीवर गेले. चहा झाला. सासूबाई उठायला लागल्या. "आवं, आमची सून एकटीच हाय तिकडं."

लालासाहेबांनी रस्त्यापलीकडं पाहिलं. त्या पोरीनं डोळे मिटले होते. तिचे खांदे खाली आले होते. बाळाचं रडणं थांबलं होतं. संयोगितानं बसल्या जागेवरून वडिलांकडं पाहिलं आणि हाताची पाच बोटं दाखवली.

"बसा हो," लालासाहेब सासूबाईंना म्हणाले, आणि टपरीवाल्याकडं वळले. "अजून चार चहा. आणि सावकाश कर. घाई नाही."